माझ्याच हाताला येणारी बुरशी

हसा, हसा तुम्ही! सहा वर्षं म्हणजे काय थट्टा वाटली?... तुम्हाला सांगतो, मी बुरशीचा माणूस. उभा जन्म बुरशी आणि कुजक्या लाकडावरचे ते पिवळे बुळबुळीत गोळे, श्लेष्मबुरशी म्हणतात त्यांना, यांच्यामागे घातला. मुलगी शाळेत सांगायची, "माझे बाबा कुजलेलं बघतात!" असो.

तर अशाच एका गोळ्यात मला पांढरी, कापसासारखी बुरशी सापडली. नवीन! कुठल्या पुस्तकात नाही! आणि गंमत म्हणजे ती यायची फक्त माझ्या हाताला. लॅबमधल्या आमच्या सहायक बाई, डोळ्यांत तेल घालून काम करणार, तोच गोळा, तीच काचेची बशी... आणि बशी कोरी! मग मी काय म्हणालो? सांगायलाच लाज वाटते हो... चार लोकांसमोर म्हणालो, "बाई, हाताला गुण असावा लागतो!" एकदा नाही, सहा वर्षं! त्या मान खाली घालून पुन्हा बश्या धुवायला.

इकडे घरी बायको, "अहो, ते पायाचं दाखवा कुणाला तरी, सारखे खाजवत बसता!" मी म्हणायचो, "वेळ आहे का मला? तुझंच नाव देतोय त्या बुरशीला!" पाघळली बिचारी. सगळ्या माहेराला कळवून मोकळी!

शेवटी या बुरशीवरचा माझा शोधनिबंध वाचायची सभा महिन्यावर आली, तेव्हा तिनं मला ओढतच नेलं कातडीच्या डॉक्टरकडे. त्यानं बोटांच्या बेचक्यातलं खरवडून घेतलं, बशीत वाढवलं, पंधरा दिवसांनी ती बशी माझ्यापुढे केली. मी ओरडलोच, "अहो, ही तुमच्याकडे कशी? ही माझी!"

तो शांतपणे म्हणतो, "तुमचीच. पायाची. चिखल्या म्हणतात, मलम देतो."

म्हणजे मी पाय खाजवायचो आणि तोच हात बशीत! बाईंचा हात स्वच्छ, म्हणून बशी कोरी! सांगायलाच लाज वाटते हो... बायको तरातरा पुढे निघाली. दारात चप्पल काढता काढता म्हणाली, "माझं नाव... चिखल्यांना?"

दुसऱ्या दिवशी बाईंसमोर उभा राहिलो. "चुकलो. घाण माझ्याच हाताची होती." वाटलं, चिडतील, चार शब्द सुनावतील. तर म्हणाल्या, "सर, मी घरी जाऊन हात घासायची हो. रक्त येईपर्यंत."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. सांगायलाच... जाऊ द्या.

निबंध मागे घेतला. माझ्या जागी बाईंचं नाव सुचवलं. आता त्या वाचणार आहेत, 'मळक्या हातांनी फसलेले प्रयोग'. सहा वर्षांच्या कोऱ्या बश्या, तारखांसकट! माझं नाव? आहे की! शेवटच्या पानावर, आभारात... "नमुन्यासाठी स्वतःचा पाय दिल्याबद्दल सरांचे आभार."