हलक्या तिरामिसूचा गुण

रक्ततपासणीच्या लॅबमध्ये माझ्या शेजारी एक जोडपं नवऱ्याच्या साखरेच्या रिपोर्टची वाट बघत बसलं होतं.

"अगं, रिपोर्ट चांगला आला तर माझ्या साठीच्या वाढदिवसाला ते इटलीचं थरांचं पुडिंग, खरं तिरामिसू, करणार म्हणाली होतीस."

"मग दोन महिने दर रविवारी करतेय ते काय खोटं आहे?"

"त्यात मस्कार्पोने चीज कुठंय?"

"त्याऐवजी टांगलेलं दही घालते. साय काढलेल्या दुधाचं."

"आणि कॉफीत भिजलेली मऊ बिस्किटं?"

"ओटची घालते. ती भिजतच नाहीत, त्याला मी काय करू?"

"साखर?"

"अहो, साखरेपायीच तर इथे येऊन बसलोय!"

"म्हणजे इटलीचे फक्त थर उरले."

"टोमणे पुरे. आला बघा रिपोर्ट. अगंबाई, एकशे ऐंशीवरून एकशे दहा!"

"झालं तर मग! वाढदिवसाला खरं."

"वेड लागलंय का? ज्यानं गुण आला तेच सोडायचं? आता जन्मभर हेच. रोज वाटीभर."

"रोज? हे बघ, चिडू नकोस. मी ते एकदाही खाल्लेलं नाही. तू फोनवर बोलत असायचीस, तेव्हा डब्यात भरून खाली लिफ्टमनला द्यायचो."

"दोन महिने?"

"अगदी नेमानं."

"तरीच मला बघितलं की तो लिफ्ट सोडून जिन्यानं पळतो!"

"मग खरं करशील ना?"

"करीन की. लिफ्टमनसाठी. तुम्हाला न खाण्यानं गुण आलाय, तेच चालू ठेवा."