वंदना चालू असताना उचललेले पाच पासपोर्ट

मी रुपाली श्रावण मेश्राम, वय २४ वर्षे, शिक्षण नर्सिंगचा कोर्स, धंदा सध्या काही नाही, राहणार बोधीनगर, मौजा वाकळी, तालुका नेर, जिल्हा यवतमाळ. आज रविवारी ठाण्यात बसवून विचारपूस केल्यावरून स्वतःच्या तोंडाने सांगते की,

आमच्या गावचे बाबाराव उकंडा भगत यांनी माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे. मी आज सकाळी विहारात वंदना चालू असताना बुद्धमूर्तीसमोरचे पाच पासपोर्ट चोरून पळाले आणि सगळ्यांच्या भावना दुखावल्या, असे त्यांचे म्हणणे आहे. पासपोर्ट मी उचलले हे खरे आहे. पळाले नाही. बाहेर येऊन ऑटो केला आणि सरळ याच ठाण्यात आले. पाचही पासपोर्ट साहेबांच्या टेबलावर आहेत. चोर माल घेऊन ठाण्यात येतो का, हे बाबारावांना विचारावे.

बाबाराव गावात लग्ने लावतात, नामकरण करतात. माझे नाव त्यांनीच ठेवले आहे. ते 'उजेडवाट' नावाचे सेवा मंडळ चालवतात. गेल्या वर्षी त्यांनी आमच्या घरी येऊन सांगितले की मलेशियात, क्वालालंपूर शहरात, वृद्धाश्रमात सहा महिने धम्मसेवेसाठी मुली पाहिजेत. राहणे-जेवण तिकडचे, व्हिसाची कटकट नाही, परत आल्यावर सर्टिफिकेट मिळेल आणि त्यावर बाहेर नोकरी लागते. मी तयार झाले. माझ्या घरासमोर राहणारी माझी मैत्रीण दीपा धम्मरत्न तायडे, वय २३, हीसुद्धा तयार झाली. दीपा माझ्यामुळे तयार झाली. तिची आई रुखमाबाई नको म्हणत होती, तिला मीच पटवले.

क्वालालंपूरच्या विमानतळावर सेल्वम नावाचा माणूस घ्यायला आला. तो मोडकेतोडके हिंदी बोलतो. त्याने आम्हाला सतराव्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये नेले. हॉलमध्ये पांढरी बुद्धमूर्ती होती, पुढे ताजी फुले होती. ती पाहून आमचा जीव भांड्यात पडला. दीपा म्हणाली, "पाह्य वं, आपल्याच घरी आल्यावानी वाटून राह्यलं."

आमच्याकडे पद्धत आहे की नवीन काही मिळाले की आधी मूर्तीसमोर ठेवायचे, मेणबत्ती लावायची, त्रिशरण-पंचशील म्हणायचे आणि मगच ते वापरायला घ्यायचे. मार्कशीट असो, गाडीची चावी असो, नोकरीची ऑर्डर असो. आमच्या पासपोर्टवर परदेशाचा पहिला शिक्का त्याच दिवशी बसला होता. आम्ही दोघींनी पासपोर्ट मूर्तीसमोर ठेवले, हात जोडले, डोळे मिटले. वंदना संपवून डोळे उघडले तेव्हा दोन्ही पासपोर्ट सेल्वमच्या हातात होते. "रजिस्ट्रेशन करना है," तो म्हणाला. आम्ही मान डोलावली.

कोणी हिसकावून घेतले का, असे मला इथे परत परत विचारण्यात आले. नाही. आम्ही आपल्या हाताने ठेवले. ही चूक दुसऱ्या कोणत्या मुलींनी केली नसती, आमच्या गावच्या मुली ती करणार हे ठरलेले होते. सेल्वमच्या घरी पूजेचे दुसरे काही दिसले नाही, आणि त्याच्या कपाळावर भस्म होते, म्हणजे तो बौद्ध नव्हता. मग हॉलमध्ये बुद्धमूर्ती कोणाच्या सांगण्यावरून आली, ते तुम्ही शोधा. मला माझे उत्तर माहीत आहे.

तिथल्या पहिल्या दिवसांबद्दल विचारल्यावरून सांगते. आमच्या चार्जरची पिन तिथल्या बोर्डात बसेना, म्हणून दोघींचे फोन बंद पडले. सेल्वम रोज म्हणायचा, कल ला देगा. लिफ्ट कार्डाशिवाय चालत नव्हती आणि कार्ड त्याच्या खिशात असायचे. बाथरूममध्ये बादली नव्हती, यावर आम्ही दोघी पोट धरून हसलो. सकाळी केळीच्या पानात नारळाचा भात यायचा, वर आपल्या सुकटीसारखी तळलेली मासळी. दीपाने घरून आणलेले तिखट त्यावर टाकले की तो भात गोड लागायचा. दुपारी धो धो पाऊस पडायचा आणि संध्याकाळी खाली हजारो दिवे लागायचे. गावातली लहान पोरे मला विचारतात, शहर कसे आहे. मला ते शहर खिडकीच्या लोखंडी गजांतून माहीत आहे. तोवर त्याच्या रस्त्यावर माझे पाऊल पडले नव्हते. तरी दीपा खिडकीत उभी राहून बोट दाखवायची की सुट्टी मिळाली की त्या दोन उंच बिल्डिंगांकडे जायचे.

पहिल्याच सकाळी आम्ही न सांगता सेल्वमचा फ्लॅट झाडून-पुसून घेतला, भांडी घासली. गावात विहार धुवायचा असला की आज कोणाचा नंबर, हे कोणी विचारत नाही, पदर खोचून कामाला लागतात. इथेही आम्हाला ती सेवाच वाटली. सेल्वम सोफ्यावर बसून पाहत होता आणि फोनवर फोटो काढत होता. आमचे कौतुक होत आहे असे वाटून आम्ही आणखी जोराने फरशी घासली. आज ते आठवले की मला स्वतःचाच संताप येतो.

वृद्धाश्रम कुठे आहे, असे मी रोज विचारत होते. नंतर एक दिवस तो म्हणाला की दोघींचे ट्रेनिंग वेगवेगळ्या जागी आहे. दीपाला एक बाई गाडीत घेऊन गेली. दीपा लिफ्टमधून मला म्हणाली, "तिखटाचा डबा तुह्यापाशीच राहू दे, मी परवा येतोच." ती आली नाही. मला एका बंगल्यावर सोडले. तिथे एक म्हातारी होती हे खरे. बाकी सात माणसांचा स्वयंपाक, कपडे, दोन गाड्या आणि कुत्रा, हे सगळे माझ्या गळ्यात पडले. मी नर्स आहे म्हटले तर घरमालकीण हसली. पासपोर्ट मागितला तर म्हणाली, सेल्वमला विचार. सेल्वमने फोन उचलला नाही.

पुढे एकदा घरमालकिणीने मला पिशव्या उचलायला भाजीबाजारात नेले. तिथे मी भर बाजारात जमिनीवर ठिय्या मांडला. ती ओरडली, तिने हात धरून ओढले, लोक जमले. मी उठले नाही. मोठ्याने "इंडिया, इंडिया" एवढेच म्हणत राहिले. मला दुसरे काही सुचले नाही. पोलीस आले आणि त्यांनी मला आपल्या वकिलातीत पोचवले. तिथल्या मॅडमनी परत येण्यासाठी तात्पुरता कागद करून दिला. त्यांनी दीपाचा पत्ता विचारला. मला तो सांगता आला नाही. मला त्या शहरातली एकही गल्ली माहीत नव्हती. मी एकटी परत आले.

मी गावात पोचायच्या आधी बाबारावांनी गावभर पसरवले होते की रुपालीला कामाची लाज वाटली आणि ती एका पोरासोबत पळाली. माझ्या वडिलांशी लोक बोलेनासे झाले. मी रुखमाबाईंच्या दारात गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "तू आली. माही पोरगी कुठी ठेवली?" मी सगळे सांगितले. त्यांचा विश्वास बसला नाही, कारण दर रविवारी दुपारी दीपाचा फोन येतो आणि ती "मैं ठीक हूँ" म्हणते. मी म्हटले, "मावशी, ते तुमच्याशी हिंदीत काहून बोलते? बाजूले कोणी आयकत बसलं असन." त्या म्हणाल्या, "शिकली माही लेक. तुह्यावानी पळपुटी नाही." मग त्यांनी दार लावून घेतले. मला राग आला, पण त्यांचा नाही.

आज विहारात आणखी पाच मुलींचा निरोप समारंभ होता. मला बोलावले नव्हते, तरी मी गेले. बाबारावांनी पाचही पासपोर्ट मूर्तीसमोर ओळीने मांडले आणि मुलींना डोळे मिटायला सांगितले. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, बाबारावांचे उघडे होते. ते पासपोर्टांकडे पाहत होते. मी पुढे जाऊन ते उचलले. बाबाराव म्हणाले, "ठेव ते, बुद्धासमोरचं आहे." मी म्हटले, "आमचेबी बुद्धासमोरचेच होते." भावना दुखावल्या असतील तर त्या मुलींची आणि मूर्तीची माफी मागते. बाबारावांची मागत नाही.

बाबाराव आपल्या बाजूने साक्षीदार म्हणून रुखमाबाईंना ठाण्यात घेऊन आले. रविवार असल्याने मी साहेबांना विनंती केली की दीपाचा फोन येईपर्यंत थांबावे. तो दुपारी आला. फोन लाऊडवर होता, ठाण्यातल्या सगळ्यांनी ऐकला. दीपा म्हणाली, "माँ, मैं ठीक हूँ, चिंता मत करना." मी रुखमाबाईंना हळू आवाजात म्हटले, "मावशी, फक्त इतकं विचारा, का पासपोर्ट कोणापाशी आहे." बाबाराव म्हणाले, "वयनी, ह्या पोरीच्या नादी लागू नका." रुखमाबाईंनी फोन तोंडाजवळ ओढला. मग त्यांनी आपल्या भाषेत विचारले, "दीपे, तुहा पासपोर्ट तुह्यापाशी आहे ना वं?"

पलीकडून श्वास ऐकू येत होता. मग दीपा म्हणाली, "माय, मले घेऊन जाय." तेवढ्यात फोन कटला. तेव्हापासून तो नंबर बंद लागतो आहे.

बाबाराव उठून बाहेर जाऊ लागले, त्यांना हवालदारांनी दारात थांबवले. रुखमाबाई रडल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि साहेबांना म्हणाल्या, "हिचं झालं का माहा लिहा. मी ज्याच्याकडून आलतो ना, त्याच्याच विरोधात लिहा."

पाचही पासपोर्ट जिचे तिच्या हातात द्यावेत, मंडळाच्या हातात देऊ नयेत. दीपा धम्मरत्न तायडे हिचा शोध घेऊन तिला परत आणावे, एवढीच माझी मागणी आहे.

वरील मजकूर मला मराठीत वाचून दाखवला. मी बोलले तसाच तो लिहिला आहे आणि खरा आहे. सही करून मी खुर्ची रिकामी करते, रुखमाबाई उभ्या आहेत.

(सही) रुपाली श्रावण मेश्राम