तिसरा भाग वगळून

—तसं नाही वहिनी, विधानसभेत प्रश्न मी विचारलाय. उत्तरही आलंय, छापून. यंत्रं बंद होती, हे खरे आहे काय? होय. नवीन बसवणार काय? बसवली आहेत. सरकारकडून असा सरळ ‘होय’ काढणं म्हणजे चेष्टा वाटली काय! बसा ना, उभ्या का? गेल्या महिन्यात याच खुर्चीत बसून तुम्ही सांगितलंत, की दवाखान्यातली रक्त शुद्ध करायची यंत्रं बंद पडली, दुरुस्तीला माणूस फिरकलाच नाही, आणि आपला सायकलवाला गेला. तुमचा नवरा, पण माझाही दोस्तच की. माझ्या पहिल्या निवडणुकीत दुकानाला कुलूप लावून दारोदार हिंडला तो. मी विसरेन? त्याच दिवशी प्रश्न दिला. आणि लेखी दिला. का? सभागृहात मी ओरडलो की मंत्री दुप्पट ओरडतो, विषय संपला. लेखी विचारलं की खात्याला लेखीच सांगावं लागतं, आणि ते उद्या खोटं निघालं तर मंत्र्याच्या अंगाशी येतं. म्हणून टरकतात ते. तीन भाग केले होते मी. एक, दोन, आणि—

दोनच. म्हणजे, होता तिसरा. तुमचाच. दुरुस्तीचं कंत्राट कोणाकडे होतं, आणि माणूस का आला नाही. मग मंत्र्यांनी चहाला बोलावलं. आमच्याच पक्षाचे, गोड माणूस, खांद्यावर हात टाकून म्हणाले, “तेवढं तिसरं काढ, यंत्रं सोमवारी पोचवतो.” मी काय करायला हवं होतं? तुम्हीच सांगा. त्या वॉर्डात अजून माणसं होती— त्यांना काय सांगू, थांबा, मला आधी उत्तर मिळू दे? काढला. आणि यंत्रं आली, वहिनी, खरंच आली! काल बघून आलो. एक आजी यंत्राला लावलेल्या, माझा हात धरून म्हणाल्या, बाळा, तुझं भलं होवो. मला तिथं उभं राहवेना. वाईट काय केलं मी? कंत्राट मेव्हण्याचं असेना का—

कोणाच्या? कोणाच्या नाही. गेलं आपलं तोंडातून. ...मंत्र्यांच्या. झालं? सगळ्यांना ठाऊक आहे, पण लेखी कोणी विचारलेलं नाही, आणि न विचारलेल्याचं उत्तर कोणी देत नाही. नाही, मी पुन्हा नाही विचारणार. मला पुढच्या वेळी तिकीट नको का?— बघा, हेही बोलून बसलो.

रडू नका हो. रडत नाही? मग अशा का बघताय? दुसरं कोणी... हो, विचारू शकतं. कोणीही सदस्य. आज संध्याकाळपर्यंत प्रश्न घेतात. समोरच्या खोलीतल्या बाई विरोधी बाकावरच्या, त्यांना नुसता वास लागला तरी त्या सोडायच्या नाहीत— अहो, निघालात कुठं? निदान पाणी तरी प्या! हे बघा, त्या विचारतील, तुम्हाला कोणी सांगितलं म्हणून. माझं नाव घेऊ नका. ...घ्या. नाही, नको, मुलांची शपथ, नको. जा आता, बाहेर लोक ताटकळलेत. आणि दार ओढून घ्या.