धरमा नायकाचा हरवलेला तांडा

नेरच्या स्टँडवरून गाडी निघाली. माझ्या पुढच्या सीटवर उत्तमसिंग अन् त्याची कॉलेजातली पुतणी बबिता. त्याच्या मांडीवर इंग्रजांच्या काळातला नकाशा.

"हा नकाशा हाती असल्यावर तुहा काका कुठंच चुकत नाही, बबिता."

"काका, बारा वाजता यवतमाळले साऱ्या कॉलेजापुढं जुन्या तांड्यावरचा निबंध वाचाचा हाय मले. जागा पक्की ना?"

"पक्की म्हंजे! हे पाय, हा नाला, ही विहीर, अन् हा धरमा नायकाचा तांडा. आज त्या नावाचा तांडाच नाही. पटकीच्या साथीत उठून गेला असन. लिही."

"लिवलं. पटकीवर दीड पान लिवलं."

माझ्या शेजारची म्हातारी पुढं वाकली.

"कोन्ता धरमा रे, उत्तम?"

"लालीबाई, तुले नाही समजाचं. नकाशा हाय हा."

"धरमा माह्या आजेसासऱ्याचं नाव. जो नायक, त्याच्या नावाचा तांडा; तो नायक होता तं तांडा धरमाचा. मंग लखूचा झाला. आता तुह्या बापाचा हाय."

"काका! म्हंजे हा आपलाच तांडा?"

"थांब जरा."

"तीन रविवार आपण जंगलात कायले फिरलो मंग?"

"थांब म्हणलं ना!"

"विहीर तं तुह्याच अंगणात हाय रे. पाणी पेतं तिचं."

"काका, मी बारा वाजता काय वाचू?"

"सुचते काही. यवतमाळ याले टाइम हाय अजून."

"यवतमाळ? ही गाडी तं अमरावतीची हाय, मी लेकीकडं चालली."

कंडक्टरनं गाडी थांबवायला घंटी मारली, तेव्हा गाडी नकाशाच्या कडेबाहेर दोन किलोमीटर गेली होती.