हात ठेवल्याशिवाय

मी मूळची उरणकडची, मिठागरातली. काय सांगू तुमाला, बापूस, आयस, चुलते सगळे मिठात पाय घालून उभे, टाचा फुटून रगत यायचं, तरी दुसरं काम कुणाला ठाऊक नव्हतं. मी सात-आठ वर्षांची असेन, बापसाला मुदतीचा ताप आला, उतरंच ना, मंग त्याला मिशनच्या दवाखान्यात नेला, तिथं एक नर्सबाय व्हती ती रोज त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, आन बापूस उठला. तवापासून आमी प्रभूचे झालो. भावकीनं दोन वर्षं लग्नाकार्याला बोलावलं नाय, मंग बोलवायला लागली, आमीपण गेलो, राग कितीसा धरणार.

लग्न होऊन पनवेलला आले. मालक गेले, पोरगा विचुंब्याच्या नव्या बिल्डिंगीत रायला गेला, सून चांगली हाय, पण चौथ्या मजल्यावर दिवसभर बसून मी करू काय. आमच्या चर्चच्या मंडळीतून डोंगरातल्या वाड्यांवर सेवेला माणसं जायची, पगार नाय काय नाय, मी नाव दिलं. पोरगा बोलला, आई, या वयात? मी बोलले, मंग कुठल्या वयात?

वाडी ठाकर आदिवासींची. पळस्प्याच्या पुढं गाडीरस्ता संपतो, तिथून पाऊण तास चढ. मी भीत भीत गेले, हाकलून देतील, विचारतील कोण तू, कुठल्या देवाची. आन तिथं काय, वाडीतला म्हातारा धर्माआजा ओट्यावर बसलेला, त्यानं विचारलं, बाय, जेवलीस का. देव कुठला ते विचारलंच नाय. ते लोक सगळ्यांना अरेतुरेच बोलतात, साहेब आला तरी. चार दिवसांत कारवीच्या कुडाची खोली उभी करून दिली, सारवून दिली. माझ्या देवाची पण त्यांना अडचण झाली नाय, नवं धान आलं की आपल्या देवांच्या बाजूला एक मूठ त्याच्या नावानं ठेवायचे. मीच लाजायचे.

सकाळी पोरांची अक्षरं, नखं कापायची, जखमा धुवायच्या, तापाच्या गोळ्या द्यायच्या, आन दुपारी गोष्ट. गोष्टीला बाया-बाप्ये पण बसायचे. सगळ्यांना आवडायची ती माझ्या बापसाची. आन इथंच माझी चूक झाली, ती मी तुमच्यापासून लपवणार नाय. बापसाला आठ दिवस सुया टोचल्या व्हत्या, बाटल्या लावल्या व्हत्या. पण सांगताना त्या सुया राहून जायच्या. पोरांना सुईचं भ्या, आन गोष्ट कशी त्या हातावर येऊनच गोड लागायची. दहा वेळा सांगितली असेल, दहाही वेळा सुया गाळल्या. मंग डोकं दुखलं की यायला लागले, बाय, हात ठेव. मी हात ठेवायची, गोळीपण द्यायची. गोळी ते विसरायचे, हात लक्षात ठेवायचे. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं.

गेल्या साली गवत कापायच्या दिवसात मी नातीच्या वाढदिवसाला विचुंब्याला गेले. दोन दिवसांनी परत आले, दुपारचं ऊन डोक्यावर, आन खालूनच दिसलं की माझ्या दारात माणसं बसलीत. बघते तर चांगुणा बसलीय आन तिच्या मांडीवर तिची ठमी, नऊ वर्षांची पोर, पाय सुजून ढोपरापर्यंत आलेला. गवताची पेंढी उचलताना फुरसं चावलं. कवा? ऊन अंगणात आलं तवा. मंग दवाखान्यात का नेली नाय, मी ओरडलेच. चांगुणा माझ्याकडं अशी बघाया लागली, बोलली, तू येणार व्हतीस ना आज. तुझीच वाट बघत व्हतो.

पोरीनं तोंड उघडलं तर हिरड्यांतून रगत, दात लाल. मी बोलले, उचला, पनवेलला न्या. कुणी उचलेना. आजा बोलला, आधी हात ठेव. मी बोलले, आजा, हातानं काय होणार नाय, सुई पायजे. तो बोलला, तुझ्या बापसाला झालं, आमच्या पोरीला का नाय? मी बोलले, बापसाला सुया दिल्या व्हत्या, मी सांगितल्या नाय तुमाला. त्यांना वाटलं बाय रागावली, आमच्याकडून कायतरी चुकलं म्हणून बाय हात आखडतेय. चांगुणानं माझे पाय धरले, बोलली, काय चुकलं ते सांग, पण पोरीवर राग धरू नको. काय सांगू तुमाला, एकेक मिनिट जात व्हतं आन ती माझे पाय सोडीना. शेवटी ठेवला हात. प्रार्थना कसली, देवा, यांना चालव, एवढंच. हात ठेवला तशी चौघांनी पोरीला झोळीत घालून उचललं आन पळत सुटले, मी मागून हे गुडघे घेऊन.

खाली टेम्पो मिळाला, तर पळस्प्याला कंटेनरची ही रांग. वाडीची पोरं उतरली, पुढं धावत एकेक ट्रक बाजूला करत गेली. सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं विचारलं, सकाळी चावलं ना, मग इतका वेळ कुणाची वाट बघत होता? मी बोलले, माझी.

काचेच्या नळीत पोरीचं रगत घ्यायचे, थोड्या वेळानं नळी आडवी करून बघायचे, विष उतरून रगत गोठतंय का. पाण्यासारखं वाहायचं. पुन्हा सुई, पुन्हा नळी, पुन्हा वाहायचं. दोन दिवस मी त्या नळीकडं बघत बसले. तिसऱ्या दिवशी गोठलं. पोर वाचली, जरा लंगडते.

वाडीवर येऊन सगळ्यांना बसवलं, बापसाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, सुयांसकट, बाटल्यांसकट, आन मी लबाडी केली तीपण. सगळ्यांनी माना हलवल्या. आजा बोलला, खरं हाय बाय, सुई पायजेच. पण तू हात ठेवलास म्हणून सुई लागू पडली.

तवापासून माझ्या जीवाला थारा नाय. खाली बाजारला गेले तरी एकच घोर, कोण दारात येऊन बसलं असेल, कुणाचं पोर मांडीवर असेल. विचुंब्याला रायला जात नाय, पोरगा रागावलाय. वाडीवर फोन लागत नाय, लागला असता तरी त्यांनी मलाच लावला असता.

मागल्या महिन्यात ठमीचं डोकं विंचरत व्हते. तिला विचारलं, ठमे, परत चावलं तर काय करशील गं? दवाखान्यात जाईन, ती बोलली. मी खूश झाले, बोलले, शाणी माझी बाय. तर ती बोलली, तू नसलीस तर सरळ दवाखान्यातच जाऊ. पण तू हायस ना.

म्हणून मी बोचकं बांधलंय. अजून कुणाला सांगितलं नाय, सांगितलं तर सोडणार नायत, रडतील, कोंबडी कापतील, आन मी रायीन. मला इतकं आपलं कुणी केलं नव्हतं हो. देव त्यांचं भलं करो, पोरंबाळं जगोत त्यांची. माझ्यावाचून जगोत.