दाढीचे तीन ब्रश

हॅलो? … हॅलो, कोण? … अगं ताई, तू होय! थांब, मी जरा हळू बोलते. … नाही गं, घसा बरा आहे. बोल.

हो, आणला ना बाबांना ब्रश. आणला म्हणजे… तीन आणले. … हसतेस काय, अगं ऐक ना! डॉक्टर म्हणाले, तो डब्यातला फेस बंद करा, साबण आणि ब्रश वापरा. बाबांची कातडी कांद्याच्या सालीसारखी झालीय. मला वाटलं, ब्रश म्हणजे ब्रश. तर दुकानदार विचारतो, डुकराच्या केसांचा हवा, बिज्जूच्या की नायलॉनचा? … हो, बिज्जूच्या! जंगलातला कुठलासा प्राणी म्हणे. डुकराचा राठ, आधी भिजत घालावा लागतो. बिज्जूचा मऊ, पाणी धरून ठेवतो. नायलॉनचा पटकन वाळतो. मग दाढी दाट की विरळ, कातडी कशी, साबण कोणता… माझ्या लग्नाच्या वेळी तुम्ही सगळ्यांनी मिळून एवढी चौकशी केली नव्हती!

शेवटी तोच म्हणाला, तिन्ही न्या, गालावर कोरडेच फिरवून बघा, आवडेल तो ठेवा. बाकीचे दोन परत घेईन. पण कोरडे असले तरच.

फिरवले की! रविवारी. बाबांनी नेहमीसारखी मान भिंतीकडे केली. मग ठेवले तिथेच, त्यांच्या खिडकीत.

तेच सांगतेय. तिन्ही भिजले. … मी नाही भिजवले. … बाबांना सांभाळणाऱ्या मावशींनीही नाही. त्या बारा वाजता बाबांना जेवू घालतात आणि बाहेरून कुलूप लावून जातात. मंगळवारी मी चारला घरी आले, तर डुकराच्या ब्रशातून पाणी ठिबकतंय. दांड्याला किमतीची चिठ्ठी तशीच. आणि बाबांची दाढी केलेली.

हो. केलेली. गुळगुळीत. … अगं, ते कसे करतील? लकवा झाल्यापासून उजवा हात आठ महिन्यांत हलला नाही, डाव्यात चमचा धरवत नाही.

मलाही तेच वाटलं, मावशींनी केली असेल. विचारलं, तर म्हणाल्या, मला वाटलं तुम्हीच केलीत. बुधवारी बिज्जूचा ओला. काल नायलॉनचा. तो मात्र बुडवून बाजूला टाकलेला, पसंत पडला नसावा असा. आणि बिज्जूचा पुन्हा वापरलेला. झटकून, केस खाली करून, खिडकीच्या खिळ्याला दोऱ्याने टांगलेला. मला कुठे ठाऊक होतं ब्रश असा टांगतात ते!

किल्ल्या दोनच, माझी आणि मावशींची. काल दोन्ही माझ्या पर्समध्ये होत्या, ताई. मी स्वतः दुपारी येऊन कुलूप लावून गेले होते.

आणि ऐक. गालाला तुरटीचा वास येत होता. आपल्या घरात तुरटी नाही. आणि कल्ले कापलेत, तिरके. …

… हं. … मी नाव घेणार नव्हते, तूच घेतलंस. फेसकाका. तिरके कल्ले दुसरं कोण ठेवायचं? … हो, आपल्या नाकाला फेस लावायचे. तीस वर्षं बाबांची दाढी त्यांनी केली, दुसऱ्याच्या हाती बाबांनी गाल दिला नाही. … पण त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. पोचवायला बाबाच गेले होते ना. सलूनही गेलं, तिथे आता झेरॉक्सवाला बसतो.

म्हणून तर आज अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मावशी गेल्या, मी दाराला आतून कुलूप घातलं आणि स्वयंपाकघरात बसलेय. बाबांना वाटतंय घरात कुणी नाही.

सोमवारचं आत्ता काढू नकोस. … माहीत आहे, आजारी म्हाताऱ्यांची ती संस्था चांगली आहे, भाऊजींनी फॉर्म भरलाय, बाबांना न्यायला गाडी येणार आहे. मीच हो म्हटलं ना! … कारण मला पाहिलं की ते तोंड फिरवतात गं. रोज. वाटलं, परक्यांच्या हातून तरी निमूट…

थांब. … थांब जरा.

ऐकू आलं तुला? … वाटी. वाटीत ब्रश फिरतोय. … नळ नाही तो. फोन खोलीकडे धरते, ऐक. … आलं? … हसले. ताई, बाबा हसले!

आत जाऊ नको म्हणजे? आपले वडील आहेत आत. … लोटते दार. तू फोन ठेवू नकोस.

…

… ताई. … आहे, आहे. बाहेर आलेय, पॅसेजमध्ये. … बसलेत. आपले आपण, ताठ, पाठीला उशी नाही. हनुवटी वर. गालावर फेस. आणि ब्रश… फिरत होता गं, गोल गोल. … नाही, हात नव्हता. कुणीच नव्हतं. मी दिसले तसा थांबला. हनुवटीशी, तिथल्या तिथे.

मी कुठली ओरडतेय! बाबाच बोलले. … हो, बोलले! आठ महिन्यांनी! स्पष्ट, पूर्वीसारखं. … काय म्हणाले?

म्हणाले, "दार लाव."

… नाही रडत. … बरं, रडतेय, मग काय करू? आठ महिने पाणी पाजलं, कूस बदलली, आणि पहिला शब्द हा. … पण रागाने नाही गं. लहानपणी आपण मध्येच घुसलो की म्हणायचे ना, मोठ्यांचं चाललंय, बाहेर खेळा… तसं.

गाडीला नको म्हणून सांग. सोमवारच्या. भाऊजींशी मी बोलते.

शेजाऱ्यांना? नाही. काय सांगू त्यांना? … भीती वाटतेय ना, वाटणार नाही? भिंतीला टेकून खालीच बसलेय. दार नुसतं ओढून घेतलंय, काही झालं तर…

… ताई.

कडी. आतून कडी लागली. … अगं, पलंगापासून दार चार पावलांवर आहे!

नाही. ठोठावणार नाही. बसते इथेच. दाढी झाली की उघडतील. … कोण म्हणजे? …

उघडतील. ठेवते.