रंगूकाकांचा मध्यंतरातला निकाल

“काय पुटपुटतात हो ही हल्लीची पोरं! जरा तोंड उघडून बोलायला यांना कुणी मनाई केलीय का?”

नाही नाही, मंडळी, दचकू नका! हे मी नाही म्हणत. हे म्हणाले रंगूकाका. कुठे म्हणाले? श्रीकृपा टॉकीजच्या अंधारात. कुणाला म्हणाले? शेजारी बसलेल्या बायकोला, अगदी कानाशी लागून, हळूच! हळूच म्हणजे त्यांच्या मते हळूच. पार पडद्याजवळच्या बाकड्यावरचा माणूस उठून मागे वळून बघायला लागला!

तर मंडळी, आजचा प्रश्न. एखादी गोष्ट आपल्याला भावली नाही — तर खोट कुणात? गोष्टीत, की आपल्यात? हसू नका, विचार करा! मागच्या खेपेला माझं कीर्तन कुणाकुणाला आवडलं नाही, ते मला ठाऊक आहे. आमच्या पेटीवाल्यांनाही आवडलं नव्हतं. मी घरी जाऊन म्हटलं, “या गावाला काही कळतच नाही!” बघा! निकाल द्यायला मला चहा उकळण्याएवढाही वेळ लागला नाही.

असा निकाल देणाऱ्यांचे मुकुटमणी म्हणजे आमचे रंगूकाका. रंगनाथ गोंदकर, नांदखेडचे पिठाच्या गिरणीवाले. डोक्यावर टोपी, भुवयांवर पीठ. म्हातारे झाले ते पिकल्या केसांनी की पिठानं, हे अंघोळीनंतरच कळायचं! आणि वेड एकच — सिनेमा. नवीन सिनेमा लागला की पहिल्या खेळाला काका हजर. आणि नांदखेडात एक रीतच पडून गेलेली. मध्यंतर झालं की काकांनी वड्याच्या गाडीपाशी उभं राहायचं, वडा हातात घ्यायचा, एक घास खायचा आणि निकाल द्यायचा. तो घास गिळेपर्यंत टॉकीजचा मालक बिचारा श्वास रोखून! कारण काकांचा निकाल दुसऱ्या दिवशी गिरणीतल्या पिठाबरोबर घरोघरी जाणार. डबा उघडला की पीठ खाली आणि निकाल वर!

निकालही कसा? पिठाच्या भाषेत.

हाणामारीचा सिनेमा असला की, “वा! बाजरी आहे बाजरी! दगडाला भिडते! जीप उडाली, बारा जण आडवे झाले, आणि हिरोचा भांग जिथल्या तिथे. शिवाय ते गुंड बघा किती शिस्तीचे. एकेक जण पुढं येतो, मार खातो, बाजूला होतो. माझ्या गिरणीत बायका कधी अशा रांगेत आल्यात का?”

प्रेमाचा असला की, “मैदा! दिसायला पांढरा, पोटाला काही नाही. बर्फात उभे राहतात, अंगात स्वेटर नाही, आणि नुसते ओठ हलवतात. काय बोलायचं ते बोला की मोठ्यानं! चोरी केलीय का?”

आणि विनोदी असला, की काकांचा चेहरा पडायचा. “कोंडा! पूर्वीचे लोक हसवायचे. आता नुसता कोंडा उडतो.”

आता खरं सांगू? मला प्रेमाचे सिनेमे फार आवडतात. मी हाणामारीतसुद्धा रडते. गुंडाला लागलं तरी माझा पदर डोळ्याला! त्यामुळे काकांचा निकाल ऐकला की मी मनात फणफणायची. पण मंडळी, तुम्ही हुशार आहात. तुमच्या लक्षात आलं का, की ज्यात धडाधड दिसतं ते काकांना आवडायचं, ज्यात हळू बोलतात ते कमी आवडायचं, आणि ज्यात सगळा खेळच बोलण्याचा, तो कोंडा?

आलं ना लक्षात? नांदखेडच्याही आलं होतं. काकांचे कान गेले होते!

जन्म गेला गिरणीत. तिथे ऐकायचं असतंच कुठे? पट्टा थडथडतोय, दगड गरगरतोय. बाई दारातूनच बोटं चिमटीत चोळून दाखवते — बारीक. हात पसरते — जाडं. काका मान हलवतात. त्यामुळे कान कधी गेले ते कुणाला कळलंच नाही. काकांनाही नाही. पट्टा सैल झालेला त्यांना तळपायाला कळायचा! मग हळूहळू जग बिघडत चाललं. हल्लीच्या कुकरच्या शिट्ट्या कुचकामी. हल्लीचे फोन मुके. देवळातल्या घंटेला चीर गेलेली. आणि हल्लीच्या कीर्तनकार बाया पुटपुटतात — ते मात्र खरं असावं.

गावात हे सगळ्यांना माहीत. पण काकांना कुणी सांगायचं? छे! माणूस भला. कुणाच्या घरी कार्य असलं की आधी त्यांचं दळण. लोक म्हणायचे, “असू दे, त्यांना वाईट वाटेल.”

आणि इंदूकाकू? त्यांनी तर कमाल केली होती. सिनेमाला शेजारी बसायच्या. विनोद आला की काकांच्या गुडघ्यावर एक टिचकी — गालात हसा. मोठा विनोद आला की चिमटा — खदखदून हसा! काका हसायचे. कधी चिमटा का काढतेस म्हणून विचारलं नाही. काकूंनी कधी सांगितलं नाही. तो गुडघा आणि ती बोटं, दोघांत काय ठरलं होतं ते त्यांनाच ठाऊक. संसार म्हणजे आणखी काय असतं हो?

म्हणा, विठ्ठल विठ्ठल! जोरात म्हणा, तेवढ्यात मी पाणी पिऊन घेते.

हं. तर या दोघांची एकुलती एक लेक, हर्षदा. लहानपणी शाळा सुटली की दप्तर पाठीवर आणि धावत थेट गिरणीत. “बाबा! बाबा, ऐका ना!” आणि काका काय करायचे? गिरणी बंद! दळण अर्धं पडलेलं, बायका कंबरेवर हात ठेवून उभ्या. “अहो काका, भाकरी कधी थापायची आम्ही?” काका म्हणायचे, “थांबा जरा, माझी पोर बोलतेय.” गिरणी थांबायची ती वीज गेल्यावर नाहीतर हर्षदा आल्यावर!

ती हर्षदा मुंबईला गेली आणि सिनेमाचे संवाद लिहायला लागली. आणि तिचा पहिला सिनेमा नांदखेडला लागला! कसला सिनेमा? विनोदी!

अरे देवा! सगळं गाव देव पाण्यात घालून बसलं. कारण पोरगी आईला म्हणाली होती, “आई, मुंबईत कुणी काहीही लिहू दे. मला बाबांचा निकाल हवाय. वड्याच्या गाडीपाशी, सगळ्यांसमोर, द्यायचे तसाच.” काकूंनी तोंड उघडलं. मिटलं. म्हणाल्या, “हो गं, देतील की.” मनात म्हणाल्या, माझी बोटं आहेत ना. निभावून नेऊ.

पण टॉकीजच्या मालकाला सुचला सन्मान! आज काका प्रमुख पाहुणे. सगळ्यांच्या पुढे मधोमध एक सोफा मांडला, गळ्यात हार घातला आणि काकांना बसवलं एकटं. काकू आणि हर्षदा मागच्या रांगेत. काकू म्हणतात, “अहो, मी त्यांच्या शेजारी…” मालक म्हणतो, “काकू, आज त्यांचा मान आहे, बसू द्या ऐटीत!”

बसले ऐटीत. गुडघा रिकामा!

सिनेमा सुरू झाला. पडद्यावर काय? गिरणी! पट्टा, डबे, आणि भुवयांवर पीठ असलेला एक जाडजूड बाप. तो नायिकेला हातवारे करून काहीतरी सांगतोय. आणि अख्खं टॉकीज फुटलं! का? अहो, तो बाप काकांचीच वाक्यं बोलत होता. बाजरी, मैदा, कोंडा, शिस्तीचे गुंड! जे नांदखेडनं कितीदा तरी ऐकलेलं, ते आज पडद्यावर! लोक हसतायत, एकमेकांना टाळ्या देतायत, आणि माना लांब करकरून सोफ्याकडे बघतायत. बघा बघा, आपले काका!

आणि सोफ्यावर? काकांना दिसले फक्त दात. मागे वळले — दात. डावीकडे — दात. सगळं गाव त्यांच्याकडे बघून हसतंय, आणि का ते कळत नाही. हात आपोआप गुडघ्यावर गेला. टिचकी नाही, चिमटा नाही. तेव्हा त्यांच्या मनात आलं, इतकी वर्षं झाकलेलं कळलं वाटतं यांना. माझ्या कानांना हसतायत. आणि हे सगळं माझ्या पोरीनं मांडलंय. माझ्या गळ्यात हार घालून!

मध्यंतराच्या आधी एक प्रसंग होता. पोरगी घर सोडून निघालीय, आणि तो पडद्यावरचा बाप दुसरीकडे बघत म्हणतो, “तू काय बोलतेस, त्यातलं निम्मं मला कळत नाही गं. पण तू बोलायला लागलीस की गिरणी बंद करावीशी वाटते.”

बायकांचे पदर डोळ्यांना. माझा तर आधीपासूनच होता! पण काकांनी वळून बघितलं, त्यांना वाटलं, हसून हसून डोळ्यांत पाणी आलंय लोकांच्या.

दिवे लागले.

वड्याची गाडी. सगळं गाव गोल करून उभं. हर्षदानं स्वतः वडा आणून बापाच्या हातात दिला. काकांनी घास घेतला नाही. हार काढला, गाडीच्या कडेला ठेवला.

“कोंडा,” ते म्हणाले. “बापाची टिंगल करायला अक्कल लागत नाही. लिहिणारीला सांगा, दुसरं काहीतरी कर.”

वडेवाल्यानं कढईतला वडा कढईतच सोडला. हर्षदाचा चेहरा कसा झाला ते मी नाही सांगत, माझ्याच्यानं सांगवत नाही. ती म्हणाली, “बाबा… शेवटचं ऐकलंत ना? तो बाप काय म्हणाला ते?”

काकांनी तिच्या ओठांकडे बघितलं. मान हलवली. “हो, हो. ऐकलं की.”

“काय म्हणाला?”

संपलं! आता सगळ्या नांदखेडला जमिनीत बघण्यासारखं काहीतरी सापडलं. कुणी चपलेचा अंगठा बघतोय, कुणी चटणी बघतोय. मालक आभाळ बघतोय. काकूंनी तोंड उघडलं. मिटलं.

इथंच थांबू या, मंडळी. त्या गाडीभोवती तुम्हीही उभे आहात, मीही आहे. आपण काका आहोत की नाही? सून काही बोलली, कळलं नाही — कोंडा! नातवाचं गाणं, कळलं नाही — कोंडा! शेजारीण रडली, का ते कळलं नाही — नाटकी मेली! आपल्यापर्यंत पोचलं नाही, म्हणजे बोलणाऱ्याचंच चुकलं. आपला कान कसा चुकेल?

आणि आपण ते गावसुद्धा आहोत. माहीत होतं हो सगळ्यांना! वाईट वाटेल म्हणून कुणी बोललं नाही. याला आपण माया म्हणतो. असते थोडी माया. पण थोडी भीतीही असते, आणि थोडा आळस. मी माझ्याच घरात किती जणांशी असं मायेनं गप्प बसले आहे, ते इथे सांगायला लागले तर आरती राहील! तुम्ही आज घरी जाल, जेवायला बसाल. ताटासमोर कुणीतरी बसलेलं असेल. बघा एकदा त्याच्याकडे.

चला. गाडीपाशी चला परत.

कढईत तेवढं तेल चुरचुरत होतं, आणि तेही एकाला सोडून बाकी सगळ्यांना ऐकू येत होतं. काकांनी वडा काकूंच्या हातात दिला. रिकामी बोटं चिमटीत धरली, एकमेकांवर चोळली, दारातल्या बायका चोळायच्या तशी. मग ती बोटंही सोडून दिली, आणि लेकीच्या तोंडाकडे बघत, आयुष्यात पहिल्यांदाच खरोखर हळू आवाजात म्हणाले,

“हर्षू… मला ऐकू येत नाही गं.”